सरोवराच्या तळाशी वाहणारी नदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इसवी सनाच्या चौथ्या शतकात, रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात, अम्मियानस मार्सेलिनस नावाचा एक इतिहासकार होऊन गेला. हा मूळचा सैनिक. गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात, त्याने चाकरी केलेली होती. तिथल्या नद्यांचे वर्णन करताना त्याने ऱ्होन नदीविषयी एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवली आहे. ही नदी आल्प्स पर्वतातून खाली येते, लेमानस नावाच्या सरोवरात शिरते आणि त्या सरोवराच्या पाण्यात जराही न मिसळता, त्याच्या संथ पृष्ठावरून सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, असे तो सांगतो. त्याच्या तीनशे वर्षे आधी थोरल्या प्लिनीनेही आपल्या ग्रंथात असेच म्हटले होते.

हे लेमानस सरोवर म्हणजे आजचे जिनिव्हा सरोवर. तिथले लोक त्याला अजूनही 'लेमाँ' म्हणतात. अम्मियानसचे म्हणणे पुढे सुशिक्षितांनी भाकडकथा म्हणून सोडून दिले आणि ते रास्तच होते. नदी पाण्याची, सरोवरही पाण्याचे. एक दुसऱ्यात मिसळल्याशिवाय कसे राहील? पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असे ध्यानात आले, की त्या जुन्या गोष्टीत अर्धे सत्य होते. नदी सरोवरात शिरल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत आपले वेगळेपण राखते. फक्त ती वरून जात नाही, खालून जाते. आणि ती कोणत्या खोलीवरून जाणार, हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो तिच्या पाण्यातल्या गाळाचा. या एका गोष्टीचा शोध कसा लागला आणि आज तिच्यावर काय काय अवलंबून आहे, ते आज पाहायचे आहे.

राखाडी आत, निळी बाहेर

आधी जागा नीट पाहून घेऊ. जिनिव्हा सरोवर स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर चंद्रकोरीसारखे पसरलेले आहे. लांबी सुमारे ७३ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी पाणी ३०० मीटरहून अधिक. पूर्वेच्या टोकाला ऱ्होन नदी त्यात शिरते आणि पश्चिमेच्या टोकाला, ऐन जिनिव्हा शहरात, ती बाहेर पडते. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाणी या एकट्या नदीचे. सरोवर इतके मोठे आहे, की त्यातले सगळे पाणी बदलायला सरासरी अकरा-एक वर्षे लागतात.

ऱ्होनचा उगम हिमनदीत आहे. हिमनदी म्हणजे डोंगरावरून अतिशय सावकाश घसरणारे बर्फ. आपल्या अफाट वजनाखाली हे बर्फ खडक घासत येते आणि जात्यात धान्य दळावे तसे दगडाचे पीठ पाडते. हे पीठ इतके बारीक असते, की वाहत्या पाण्यात ते तळाला बसतच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले की ऱ्होन फुगते आणि तिचे पाणी राखाडी, दुधट होते. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसात नदीला तांबडे पाणी येते, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे रंग राखेचा आणि हंगाम भर उन्हाचा.

आता जिनिव्हा शहरात जाऊन पाहावे, तर बाहेर पडणारी ऱ्होन स्वच्छ निळी असते. शहराला लागूनच आर्व नावाची दुसरी हिमनदीची नदी तिला येऊन मिळते. तिचे पाणी मळकट. त्या संगमावर निळा आणि राखाडी असे दोन पट्टे बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. म्हणजे पूर्वेला आत शिरताना राखाडी असलेली नदी पश्चिमेला निळी होऊन निघते. गाळ सरोवरात राहतो, हे तर उघड आहे. पण राहतो कुठे?

पूर्वेकडच्या मुखाशी होडी नेली तर याच्या उत्तराचा पहिला धागा मिळतो. राखाडी पाणी सरोवरात थोडे अंतर पसरत जाते आणि मग एका रेषेवर एकाएकी संपते. पलीकडे निळे पाणी. त्या रेषेवर पाण्याला भोवरे येतात आणि नदीतून आलेला ओंडका-काटक्या, पालापाचोळा तिथे तरंगत अडकून राहतो. तिथल्या लोकांनी या जागेला 'बातायेर' असे नावच दिलेले आहे. नदी तिथे थांबत नाही. ती त्या रेषेवर बुडी मारते.

थर कसे पडतात

ती बुडी का मारते, हे समजण्यासाठी सरोवराच्या पाण्याचे थर समजून घ्यायला हवेत. ज्यांनी लहानपणी उन्हाळ्यात खोल विहिरीत सूर मारले आहेत, त्यांना हे शिकवावे लागणार नाही. वरचे पाणी कोमट असते, आणि जरा खोल गेले की पायांना एकदम गारठा जाणवतो. मोठ्या सरोवरात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. उन्हाने वरचे पाणी तापते, प्रसरण पावते, हलके होते आणि वरच तरंगत राहते. खालचे पाणी गार आणि जड. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो. त्यात थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरते. हा पट्टा झाकणासारखे काम करतो. वारा वरचे पाणी कितीही घुसळो, त्याची घुसळण या झाकणाखाली सहसा पोचत नाही.

जिनिव्हा सरोवराचा तळ उन्हाळ्यातही थंडच असतो, हे अठराव्या शतकात ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्याच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्या काळचा साधा तापमापक खोल सोडून वर ओढला, तर वाटेतल्या कोमट पाण्याने त्याचा पारा बदलून जाई. सोस्यूरने युक्ती केली. त्याने तापमापक जाड वेष्टनात गुंडाळला, त्यामुळे तो अगदी सावकाश गार होई आणि सावकाशच तापे. तो तासन् तास तळाशी ठेवायचा आणि मग भराभर वर ओढायचा. तळाचे तापमान तसेच्या तसे हाती येई.

आता थोडा हिशेब करू. एक घनमीटर शुद्ध पाणी, म्हणजे हजार लिटर, ४ अंश सेल्सियसला १००० किलो भरते. तेच पाणी २० अंशांना सुमारे ९९८.२ किलो भरते. फरक दोन किलोंहूनही कमी. तेवढ्याशा फरकावर एवढ्या मोठ्या सरोवरातले थर टिकून असतात. उन्हाळ्यात ऱ्होनचे पाणी १० अंशांच्या आसपास आहे असे धरू. ते घनमीटरमागे सुमारे ९९९.७ किलो भरेल. म्हणजे सरोवराच्या वरच्या कोमट पाण्यापेक्षा ते दीड किलोने जड आहे. म्हणून ते बुडी मारते. पण तळाच्या पाच-सहा अंशांच्या पाण्यापेक्षा ते पाव किलोने हलके आहे. म्हणून नुसत्या थंडपणाच्या जोरावर ते तळ गाठू शकत नाही. मधल्या पट्ट्यापर्यंत जाऊन, आपल्या वजनाची जागा सापडली की तिथेच ते आडवे पसरते.

आणि इथे गाळ मध्ये येतो. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम दगडाचे पीठ, म्हणजे जेमतेम चिमूटभर, मिसळले तर घनमीटरमागे सुमारे तीनशे ग्रॅम वजन वाढते. तळ आणि नदी यांतला पाव किलोचा फरक तेवढ्याने भरून निघतो आणि पारडे नदीकडे झुकते. ज्या दिवशी पुराच्या पाण्यात याहून अधिक गाळ असेल, त्या दिवशी नदी मधल्या पट्ट्याचे झाकण फोडून थेट तळापर्यंत उतरते.

हा प्रयोग घरीही करून पाहता येतो. काचेच्या लांबट भांड्यात स्वच्छ पाणी भरावे, भांडे एका बाजूने किंचित उचलून टेकू द्यावा आणि उंच बाजूच्या कडेवरून चिखलाचे पाणी हलकेच सोडावे. ते सगळीकडे पसरत नाही. सापासारखे तळाला चिकटून उताराने पुढे सरकते.

मोर्जचा डॉक्टर

हे सगळे एका सूत्रात बांधणारा माणूस म्हणजे फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल. त्याचा जन्म १८४१ मध्ये सरोवराच्या काठावरच्या मोर्ज या गावात झाला. शिक्षणाने तो डॉक्टर, लोझान येथे शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवणारा प्राध्यापक. पण त्याचे मन दारासमोरच्या पाण्यात होते. सरोवराची पातळी कधी कधी वाऱ्याशिवायही खालीवर का डुलते, त्याचा रंग कसा मोजावा, उजेड किती खोल जातो, तळाच्या अंधारात कोणते जीव राहतात, असा एकेक प्रश्न घेऊन त्याने आयुष्यभर काम केले. १८९२ ते १९०४ या काळात त्याचा 'ल लेमाँ' हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरोवरांच्या अभ्यासाला 'लिम्नॉलॉजी' हे नाव रूढ झाले तेही त्याच्यामुळे. ग्रीक भाषेत 'लिम्ने' म्हणजे सरोवर. १९१२ मध्ये तो वारला.

१८८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या नकाशा खात्यातर्फे सरोवराच्या तळाची मोजणी चालू होती. होर्नलिमान नावाचा अभियंता होडीतून दोरीला शिसे बांधून ठिकठिकाणी खोली मोजत होता. नदीच्या मुखासमोर तळ हळूहळू उतरत जावा, गाळाचा सपाट पंखा पसरलेला असावा, अशी सर्वांची अपेक्षा. पण त्याच्या आकड्यांतून भलतेच चित्र निघाले. मुखापासून सुरू होऊन सरोवराच्या खोल भागाकडे वळणे घेत जाणारी एक घळ तळावर होती. दोन्ही बाजूंना उंच काठ, आणि मध्ये काही ठिकाणी त्या काठांपासून पन्नास मीटरपर्यंत खोल पात्र. थोडक्यात, पाण्याखाली नदीचे पात्र. याच सुमारास ऱ्हाइन नदी जिथे कॉन्स्टन्स सरोवरात शिरते, तिथेही तशीच घळ सापडली.

काहींना वाटेल, की सरोवराची पातळी पूर्वी खाली असेल आणि तेव्हा नदीने ही घळ जमिनीवरच कोरलेली असेल. फोरेलचे म्हणणे असे पडले, की ही जुनी खूण नसून आज चालू असलेली गोष्ट आहे. नदी थंड आहे आणि गाळाने जड आहे. बातायेरपाशी बुडी मारून ती तळावरून अजूनही वाहते आहे. प्रवाहाच्या मध्यभागी वेग जास्त, म्हणून तिथे गाळ बसत नाही. कडेला वेग कमी, म्हणून तिथे तो बसतो आणि काठ वाढत जातात. पात्र जितके खोदले जाते, त्याहून अधिक त्याचे काठ बांधले जातात.

ही नुसती तर्काची गोष्ट राहिली नाही. पूर आवरण्यासाठी १९०० मध्ये ऱ्हाइनचे मुख नवा कालवा खोदून कॉन्स्टन्स सरोवरात दुसऱ्या जागी वळवण्यात आले. त्यानंतर जुन्या मुखासमोरची घळ ओस पडली आणि नव्या मुखासमोर तळावर नवी घळ तयार होऊ लागली. फोरेलच्या मताला याहून चांगला पुरावा कोणी मुद्दाम करायचा म्हटला तरी जमला नसता.

धरणातून चिखल

तरीही हा विषय बराच काळ स्विस सरोवरांच्या अभ्यासकांपुरताच राहिला. त्याला जगाच्या व्यवहारात आणले ते अमेरिकेतल्या एका धरणाने. कोलोरॅडो ही जगातल्या अतिशय गढूळ नद्यांपैकी एक. तिच्यावर बांधलेल्या हूवर धरणात १ फेब्रुवारी १९३५ रोजी पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मागे मीड सरोवर भरू लागले. एवढ्या मोठ्या जलाशयात शिरल्यावर नदीचा वेग संपेल, गाळ वरच्या तोंडाशीच बसेल आणि धरणाशी निवळलेले पाणी येईल, असा कोणाचाही अंदाज असणार. सरोवराचे पाणी वरून पाहता निवळलेलेच होते. पण त्याच वर्षी धरणाच्या खालच्या दारांतून मधूनच चिखलाचे पाणी बाहेर येऊ लागले.

वरचे पाणी स्वच्छ आणि दारातून येणारे गढूळ. ग्रोव्हर आणि हॉवर्ड या दोघांनी याचा मागोवा घेतला आणि १९३८ मध्ये तो अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वर नदीला गाळाचा लोंढा आला, की तो जलाशयात बुडी मारत होता आणि जुन्या बुडालेल्या पात्राच्या वाटेने तळाशी सरपटत शंभराहून अधिक किलोमीटर अंतर कापून धरणाच्या पायथ्याशी येत होता. वरच्या पाण्याला त्याची खबरही नव्हती.

याच काळात भूशास्त्रज्ञांचेही लक्ष या प्रवाहांकडे वळले. समुद्राच्या तळाशी असलेल्या प्रचंड घळी कशा झाल्या, हे तेव्हा कोडे होते. हार्वर्डच्या रेजिनाल्ड डेली यांनी १९३६ मध्ये सुचवले, की तिथेही गाळाने जड झालेले पाणी उताराने धावत असावे. हॉलंडमध्ये फिलिप क्यूनेन यांनी टाक्यांत गाळाचे पाणी सोडून असे प्रवाह करून दाखवले. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाजवळ ग्रँड बँक्स भागात भूकंप झाला होता आणि त्यानंतर काही तासांत अटलांटिकच्या तळावरच्या तारायंत्राच्या केबली एकापाठोपाठ एक तुटत गेल्या होत्या. उताराच्या वरच्या आधी, खालच्या नंतर. १९५२ मध्ये हीझेन आणि युइंग यांनी त्याचा अर्थ लावला: भूकंपाने निसटलेला गाळ पाण्यासह समुद्रतळावरून धावत गेला होता. समुद्र हा आपला आजचा विषय नाही. पण एका सरोवराच्या तळावर शिसे सोडून काढलेल्या आकड्यांचा आवाका केवढा होता, ते यावरून दिसते.

धरणे बांधणाऱ्यांनी यातून व्यवहाराचा धडा घेतला. गाळ बसल्यावर उपसणे महाग आणि कष्टाचे. पण तो पाण्याबरोबर वाहत धरणाशी आला असताना खालचे दार उघडले, तर तो आपल्या पायाने निघून जातो. अल्जीरियातल्या इरिल एम्दा धरणात विसाव्या शतकाच्या मध्यालाच अशी सोय केलेली होती. चीनमध्ये पीत नदीवरच्या श्याओलांगदी धरणात २००२ पासून पाणी आणि गाळ यांचे एकत्र नियोजन करून पाहिले गेले आणि २००४ मध्ये तर वरच्या धरणांतून पाणी सोडून असा तळाचा प्रवाह मुद्दाम निर्माण करण्यात आला.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. तलावातला बसलेला गाळ उन्हाळ्यात काढायचा आणि शेतात पसरायचा, असे तिचे स्वरूप. ती गाळ बसल्यानंतरची तजवीज आहे. मीड सरोवराचा धडा गाळ बसण्याआधीचा आहे. मात्र तो सरसकट सगळीकडे लागू पडत नाही. त्यासाठी जलाशय अरुंद आणि उताराचा हवा, गाळ बारीक हवा आणि धरणाला अगदी तळाशी दार हवे. पसरट, उथळ तलावात हा प्रवाह वाटेतच विरून जातो.

तळाचा श्वास

आता पुन्हा जिनिव्हा सरोवराकडे येऊ. कारण इथे गाळाची दुसरी बाजू दिसते. धरणाला गाळ नको असतो. सरोवराला मात्र त्याची गरज पडते.

तळाच्या अंधाऱ्या पाण्यात वनस्पती वाढत नाहीत, म्हणजे तिथे प्राणवायू तयार होत नाही. तो वरूनच यावा लागतो. वरच्या उजेडात वाढलेले शेवाळ मरून खाली पडते, तिथे कुजते आणि कुजताना तळाचा प्राणवायू खाते. हा खर्च वर्षभर चालू. जमा होण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला हिवाळ्याचा. वरचे पाणी थंड होत होत तळाइतके जड झाले, की झाकण उरत नाही आणि वारा सगळे सरोवर तळापर्यंत ढवळून काढू शकतो. जिनिव्हा सरोवर फार खोल आहे आणि तिथला हिवाळा काही गोठवणारा नाही. त्यामुळे हे पुरे ढवळणे दरवर्षी होत नाही, कडक थंडीच्या वर्षीच होते.

दुसरा मार्ग नदीचा. दगडांवर आपटत, फेसाळत आलेल्या थंड नदीत प्राणवायू भरपूर असतो. गाळाच्या वजनाने ती तळ गाठते, तेव्हा तो तिथे पोचतो. जाताना ती एकटी जात नाही. दोन्ही बाजूंचे आणि वरचे सरोवराचे पाणी ओढून घेत, त्यात मिसळत जाते, म्हणून खाली पोचणारा प्रवाह मुळात शिरलेल्या पाण्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तळाशी जागा करून देण्यासाठी तिथले जुने पाणी वर उचलले जाते. पुढे प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसतो. गाळ उतरला की उरलेले पाणी पुन्हा हलके होते, कारण ते तळापेक्षा किंचित उबदार असते. ते वर चढू लागते आणि चढताना आणखी मिसळते. म्हणजे गाळ इथे हमालासारखा आहे. पाण्याला खाली नेऊन सोडतो आणि स्वतः तिथेच राहतो. या कामात नुसते पुण्यच आहे असे नाही. नदीतली खते आणि घाणही त्याच वाटेने तळाशी जातात. पण श्वासही जातो.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या दोन्ही बाजूंना एकाच वेळी धक्का बसला. सांडपाणी, खते आणि धुण्याच्या पावडरी यांतून येणाऱ्या फॉस्फरसमुळे शेवाळ माजले. म्हणजे तळाचा प्राणवायूचा खर्च वाढला. त्यावर फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी १९६० च्या दशकात संयुक्त आयोग नेमला, सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभी केली आणि १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट वापरण्यावर बंदी घातली. फॉस्फरस पुष्कळच उतरला. ही गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच.

पण त्याच काळात वर डोंगरांत, ऱ्होनच्या उपनद्यांवर, वीजनिर्मितीसाठी धरणे उभी राहिली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ग्रँड डिक्सेन्स. ते १९६१ मध्ये पुरे झाले. उंची २८५ मीटर. या धरणांनी उन्हाळ्याचे बर्फाचे पाणी साठवून ठेवायचे आणि हिवाळ्यात, विजेला मागणी असताना, सोडायचे. परिणाम असा झाला, की नदीचे उन्हाळी पूर मंदावले आणि बराच गाळ वरच्या जलाशयांतच बसू लागला. जिनिव्हा विद्यापीठाचे लोझो आणि डोमिनिक यांनी ऱ्होनच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या नोंदी तपासून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरोवराकडे येणारा गाळ निम्म्याच्या आसपास घटला होता आणि नदी तळापर्यंत पोचण्याचे प्रसंगही कमी झाले होते. सरोवराच्या पाण्याला कोणी हातही लावलेला नव्हता. दूर डोंगरात भिंती बांधल्या आणि इकडे तळाची खिडकी अर्धी मिटली.

२०११ च्या उन्हाळ्यात लोझानच्या तंत्रविद्यापीठाने रशियाच्या 'मीर' नावाच्या दोन पाणबुड्या सरोवरात उतरवल्या. 'टायटॅनिक'च्या बुडालेल्या सांगाड्यापर्यंत गेल्या होत्या, त्याच या. त्यांत बसून शास्त्रज्ञ ऱ्होनच्या घळीत उतरले आणि होर्नलिमानने दोरीने चाचपलेल्या त्या पात्राचे काठ त्यांनी समोरून पाहिले. चिखलाचे उभे कडे, ठिकठिकाणी ढासळलेले. घळ जिवंत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे २०१२ च्या सुरुवातीला, कडाक्याची थंडी पडली आणि सरोवर तळापर्यंत पूर्ण ढवळले गेले. त्यानंतर मात्र सौम्य हिवाळे लागोपाठ आले आणि पुढची कित्येक वर्षे तसे ढवळणे झाले नाही. फॉस्फरस उतरूनही तळाचा प्राणवायू म्हणावा तसा सुधारलेला नाही, त्याचे मोठे कारण हे. हवा जसजशी तापते आहे, तसतसा हिवाळ्याचा मार्ग भरवशाचा राहत नाही. अशा वेळी नदीच्या मार्गाचे मोल वाढते. पण तोही हिमनद्यांशी बांधलेला आहे. बर्फ वितळते आहे तोवर पाणीही येईल आणि दगडाचे पीठही. बर्फ आटल्यावर उन्हाळ्याची नदी बारीक आणि उबदार होईल आणि तिचे पाणी तळापर्यंत जाण्याइतके जड राहणे कठीण होत जाईल.

गढूळ पाण्याविषयी आपला समज ठरलेला आहे. ते तुरटी फिरवून निवळावे, निवळले की चांगले. पिण्याच्या हंड्यापुरते ते खरेच आहे. पण खोल सरोवराच्या बाबतीत निवळलेली नदी वरच्यावर पसरून जाते आणि गढूळ नदी तळापर्यंत पोचते. ज्या चिमूटभर गाळाला आपण मळ म्हणतो, त्याच्याच वजनावर ती उतरते. डोंगरातले धरण, सरोवराच्या काठचे शहर आणि तीनशे मीटर खोलीवरचे पाणी यांचा हिशेब त्यामुळे एकाच वहीत लिहावा लागतो. १८८५ मध्ये तळावर शिसे टेकले, तेव्हापासून ही वही उघडलेली आहे. धरणातला गाळ खालच्या दाराने पुढे सोडायचा की नाही, पूर किती आवरायचा आणि किती येऊ द्यायचा, हे प्रश्न यापुढे जिथे जिथे विचारले जातील, तिथे खाली वाट पाहणाऱ्या पाण्याचाही विचार करावा लागेल.